पुर फावोर, हळू बोला

बऱ्हाणपूरला लोधीपुऱ्यात मी ज्यांच्याकडे वरच्या खोलीत भाड्याने राहायचे, त्या घरमालकांनी पहिल्या भेटीत माझ्यावर असा काही आवाज चढवला की मी जिन्यावरूनच परत फिरणार होते. तेवढ्यात त्यांच्या पत्नी पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, ते विचारून राहिले, चहात साखर किती टाकायची." मी म्हटलं, थोडीच. काकांनी ते काकूंना सांगितलं. काकू माझ्या शेजारीच उभ्या होत्या, तरी समोरच्या शिंप्याने शिवणयंत्र थांबवून मान वर केली, म्हणजे माझी साखर त्यालाही कळली होती.

काका कागदाच्या मिलमधून रिटायर झालेले. त्यांचे वडील जळगावकडून मिलमध्ये नोकरीला आले, काका मिलच्या कॉलनीत वाढले, तिथेच चिकटले आणि सगळी नोकरी त्यांनी पेपर मशीनच्या शेजारी उभं राहून केली. हे मशीन एखाद्या चाळीएवढं लांब असतं म्हणे. एका टोकाने पाण्यासारखा लगदा आत जातो, दुसऱ्या टोकाला कागद गुंडाळला जातो, आणि मधल्या जागेत जो आवाज असतो तो, काकांच्या शब्दांत, "ऐकायचा नसतो, अंगावर घ्यायचा असतो." त्या आवाजावर आवाज काढून बोलायची सवय रिटायरमेंटबरोबर सुटली नाही. ते रागाने ओरडत नसत. त्यांचा राग, माया, चौकशी, भाजीचा भाव, सगळं एकाच पट्टीत यायचं, त्यामुळे नव्या माणसाची पंचाईत व्हायची. जुन्या माणसांना सवय होती. गल्लीत कुणाला वेळ जाणून घ्यायची असली तर घड्याळ बघत नसत, काका आंघोळीला गरम पाणी मागेपर्यंत थांबत.

दुसरी खोड कागदाची. भाडेकराराचा स्टँप पेपर मी त्यांच्या हातात दिला, तर त्यांनी तो वाचलाच नाही. कोपरा चिमटीत धरून चोळला, उजेडाकडे धरला, जिभेचं टोक लावून पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, हा कागद काही खरा नाई." मजकूर बरोबर आहे का, असं मी विचारलं. "मजकूर तुम्ही पाहा. मी कागद पाहून राहिलो." लग्नाच्या पत्रिका आल्या की नावं वाचायच्या आधी ते कोपरा फाडून रेषा बघायचे. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे. तपासायला आणलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा दिसला की ते वर यायचे, एखादी उचलायचे आणि म्हणायचे, "पोरगं फेल करा, पण कागदाले मार्क द्या."

पहिल्याच आठवड्यात मी एक मोठा घोटाळा करून बसले. पाऊस नव्हता, सण नव्हता, काकूंना उगीच वाटलं म्हणून त्यांनी भजी तळली, आणि काका स्वतः ताटली घेऊन वर आले. मी सवयीने म्हटलं, "थँक यू, काका."

काकांचा चेहरा उतरला. "मॅडम, भजे घरात खाऊन राहिल्या का हॉटेलात?"

"घरात."

"मग थँक्यू कोणाले? थँक्यू पराया माणसाले म्हणतात. तुम्ही तं आम्हाले पराया करून टाकलं." आणि ताटली ठेवून ते खाली गेले. पुढचे काही दिवस मी जिन्यावर भेटले की ते अंगणातल्या कडुनिंबाकडे बघायचे. शेवटी काकूंनी मला एका बाजूला घेऊन सांगितलं की त्यांच्याशी नीट वागायचं असेल तर नीट बोलू नका. मिळालं ते खा, लागलं ते मागा, आवडलं तर पुन्हा मागा. मी दुसऱ्या दिवशी खाली जाऊन हक्काने मिरचीचा ठेचा मागितला आणि आमचं सूत पुन्हा जुळलं.

'प्लीज' या शब्दाबद्दल तर त्यांचं मत आणखीच वाईट होतं. "मिलमध्ये प्लीज म्हणेपर्यंत माणसाचा हात रोलात जाईल. तिथं 'हट' म्हणतात. हट म्हणणारा तुमचा जीव वाचवून राहिला, अन् प्लीज म्हणणारा तमाशा पाहून राहिला." माझी हयात वर्गात गेलेली, रोलाजवळ मी कधी उभी राहिले नव्हते.

मशीनजवळ तोंडाचं बोलणं तसंही अर्धंच पोचायचं, म्हणून मिलमधली माणसं हातांनी बोलत. काकांनी ती भाषा जशीच्या तशी घरी आणली होती. मूठ वळली की थांब. तळवा खाली करून दाबल्यासारखा केला की हळू घे. दोन बोटांनी हवेत फाडल्यासारखं केलं की कागद तुटला, म्हणजे घरात काहीतरी बिघडलं. डोक्यावर टोपीसारखा हात ठेवला की साहेब येतोय, सांभाळा. आणि बोटांची वाटी करून तोंडाशी नेली की चहा. काकू अंगणाच्या त्या टोकाला धुणं वाळत घालत असल्या तरी या टोकाच्या काकांशी त्यांचा अख्खा संसार बिनबोभाट चालायचा. गंमत म्हणजे हात चालू असले की काकांचं तोंड बंद असायचं. तेवढाच गल्लीला विसावा.

या सगळ्यांत मोठी खूण पाळी बदलतानाची. जाणाऱ्याने मशीनकडे बोट दाखवायचं आणि दोन्ही तळवे पुढे करायचे: घेतो का? येणाऱ्याने सगळं डोळ्यांखालून घालायचं आणि उजवा पंजा छातीवर ठेवायचा: आलं माझ्याकडे. तो पंजा छातीवर पडेपर्यंत जाणाऱ्याने जागा सोडायची नाही, घरी कुणी आजारी असलं तरी. काकू देवळात निघाल्या की चुलीवरच्या दुधाकडे बोट दाखवून तळवे पुढे करायच्या, काका पेपर वाचता वाचता छातीवर हात ठेवायचे, आणि त्या घरात दूध उतू गेलेलं मी पाहिलं नाही. दिवाळीला मी भुसावळला घरी निघाले तेव्हा कुंड्यांकडे बोट दाखवून मीही तळवे पुढे केले. काका इतके खूश झाले की मला रिक्षापर्यंत सोडायला आले आणि रिक्षावाल्याला माझी काळजी घ्यायला सांगितलं. तो बिचारा गाडी सोडून पळायच्या बेतात होता.

त्यांची एकुलती एक मुलगी पिंकी. इंजिनियर झाली, शिकायला पोर्तुगालला गेली, तिथेच नोकरी लागली आणि तिथल्याच मुलाशी तिने लग्न केलं. तेव्हा साथीमुळे कुणाला कुठे जाता येत नव्हतं, त्यामुळे लग्न फोनवर बघावं लागलं. काकूंनी अक्षता फोनवरच टाकल्या आणि त्यातला एक दाणा चार्जरच्या भोकात अडकून फोन बंद पडला. मंगलाष्टकं त्यामुळे अर्धीच झाली. पुढे जावई एकदा येऊन गेले, मावा जिलेबीवर त्यांनी असा हात मारला की गल्लीने त्यांना तिथल्या तिथे पास केलं. राहिली होती ती विहीणबाईंची भेट. त्या विधवा होत्या, एका छोट्या गावात त्यांची पावाची भट्टी आणि दुकान होतं, पिंकी आणि जावई त्यांच्याजवळच राहत, आणि पिंकी सांगायची की त्या फार हळू बोलतात.

आपल्याकडे मुलाच्या आईचा मान केवढा, हे काय सांगायला हवं. ती रुसली की मांडव डळमळतो. त्यामुळे पहिल्या व्हिडिओ कॉलला काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले. विहीणबाईंचा चेहरा फोनवर उमटला आणि काकांनी अगदी मनापासून विचारलं, "नमस्कार विहीणबाई. जेवण झालं का?" समोरचा चेहरा झटकन मागे गेला आणि मग बराच वेळ फोनवर फक्त छत दिसत राहिलं. माझं काय चुकलं म्हणून तुझे वडील माझ्यावर रागावले, असं त्या पिंकीला विचारत होत्या. पिंकीने समजावलं, पण त्यानंतर इकडून फोन लागला आणि सासूबाई जवळ असल्या की ती उठून दुसऱ्या खोलीत जायला लागली. काकांना ते दिसायचं.

मग पिंकीला दिवस राहिले. आनंदाची बातमी झाली, काकूंनी डिंकाचे लाडू करायचं ठरवून टाकलं. आणि एका संध्याकाळी पिंकी फोनवर काकूंना म्हणाली, "आई, बाळंतपणाला तू ये. बाबांना पुढच्या वेळी बोलवू."

फोन स्पीकरवर होता. त्या घरात फोन नेहमी स्पीकरवरच असायचा, त्याशिवाय काकांना ऐकू येत नसे. काका उठले, पाण्याची मोटार बंद केली आणि गच्चीवर जाऊन बसले. त्या संध्याकाळी गल्लीत त्यांचा आवाज आला नाही. थोड्या वेळाने शिंपी वर आला आणि मला विचारायला लागला, "काका गावाले गेले का मॅडम? काही बरंवाईट तं नाई ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारावर टकटक झाली. काका कधी टकटक करत नसत, खालूनच हाक मारत. दारात उभे राहून म्हणाले, "मॅडम, तुम्ही इंग्लिश शिकवता. पोर्तुगीज तिकडचीच हाय ना?"

"ती वेगळी भाषा आहे, काका."

"वेगळी तं वेगळी. शेजारीशेजारीच राहतात ना ते लोक." मग ते खुर्चीवर बसले आणि हाताचे तळवे बघत राहिले. "पोरीले मी कधी एक चापट नाई मारली, मॅडम. अन् तिच्या घरात लोक मले भिऊन राहिले. मले नात भी होईल, नातू भी होईल, ते भी भीतील. मले जायचं हाय. काहीही करा."

मला त्यांची फार दया आली आणि थोडा पिंकीचा रागही आला. मी तिला फोन केला. पण तिचंही खोटं नव्हतं. "ताई, मी बाळंतीण पडून असणार, सासूबाई घाबरट, बाबा असे. मध्ये कोण पडणार?" बराच वेळ बोलणं झालं आणि शेवटी ती एका गोष्टीला कबूल झाली. बाबांनी नम्रतेचे चार शब्द त्यांच्या भाषेत शिकावेत आणि ते हळू बोलून दाखवावेत. पंधरवड्याने ती फोनवर ऐकेल. जमलं तर दोघांचं तिकीट, नाही तर आईचं एकटीचं.

मला पोर्तुगीजचा ओ की ठो येत नव्हता. मी फोनवर व्हिडिओ बघून आदल्या दिवशी शिकायचे आणि दुसऱ्या दिवशी गच्चीवर काकांना शिकवायचे. बों दिया म्हणजे सुप्रभात. ओब्रिगादु म्हणजे आभारी आहे. कों लिसेन्सा म्हणजे जरा वाट द्या, दश्कुल्प म्हणजे माफ करा, आणि पुर फावोर म्हणजे कृपया. काकांनी लगेच त्यांची मिलप्रमाणे वाटणी केली. "बों दिया म्हणजे मशीन चालू. ओब्रिगादु म्हणजे मशीन बंद. कों लिसेन्सा भोंगा. दश्कुल्प म्हणजे कागद तुटला. अन् ह्या पुर फावोरचं काम काय?"

"काही मागताना म्हणायचं."

"मागायचंच कायले? लागलं तं उठून घ्यायचं." मग त्यांनी मला जेवण झालं का हे पोर्तुगीजमध्ये कसं विचारतात ते विचारलं. मी म्हटलं, नम्रतेच्या शब्दांत ते कुठे दिसलं नाही. काकांचा त्या भाषेवरचा विश्वास तिथेच उडाला. "एवढे शब्द, अन् जेवायचं कोणीच विचारत नाई."

शब्द त्यांना लवकर आले. अडचण आवाजाची. मी तोंडासमोर पातळ कागद धरला आणि सांगितलं की कागद न हलता बोलायचं. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, चोळला, "हा तं पतंगाचा हाय" म्हणून बाजूला ठेवला आणि खालून चांगला जाड पुठ्ठा घेऊन आले. पुठ्ठ्यासमोर त्यांनी असं ओब्रिगादु ठोकलं की शेजारच्या छतावरची कबुतरं उडाली. पुठ्ठा हलला नाही, हे त्यांनी मला अभिमानाने दाखवलं. कानाचं यंत्र घ्या असंही मी सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "सारी उमर मशीनपाशी काढली, आता मशीन कानात नाई घालत." आणि एका दिवशी, मी फारच मागे लागल्यावर, त्यांनी खरं ते सांगितलं. "मॅडम, तुम्ही म्हणता हळू. मी हळू बोललो तं मलेच ऐकू येत नाई. जे मले ऐकू नाई आलं, ते समोरच्याले कसं पोचेल?"

मी म्हटलं, सराव करा.

काकांनी सराव म्हणजे गावभर केला. जिलेबीच्या दुकानात जाऊन "पुर फावोर" म्हणाले, तर दुकानदाराने आधी त्यांना बसवलं आणि पाणी दिलं. बँकेत "कों लिसेन्सा" म्हटल्याबरोबर रांग दुभंगली आणि ते सरळ खिडकीपाशी पोचले, त्यामुळे तो शब्द त्यांना सगळ्यांत उपयोगी वाटला. बहादरपूरचे त्यांचे केळीवाले दोस्त आले होते, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला हळूच विचारलं, "हे कोण्या देवाचा जप करून राहिले?" भाजीवाली मावशी तर गल्लीत शिरतानाच बों दिया म्हणून हाक द्यायला लागली आणि तिच्या गाडीवर गर्दी वाढली.

काकूंचं मात्र बिनसलं. एका दुपारी भाकरी खाऊन काकांनी हात धुतले आणि काकूंकडे बघून सरावाचं ओब्रिगादु म्हटलं. काकूंनी मला अर्थ विचारला. मी सांगितला. काकू ताट घेऊन जात होत्या, त्या तिथेच थांबल्या. "ह्या वयात मले परायी केली का हो?" काकांची अशी तारांबळ मी कधी पाहिली नव्हती. प्रॅक्टिस होती, प्रॅक्टिस, असं ते शिंप्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगत राहिले. काकूंनी संध्याकाळपर्यंत त्यांच्या कुठल्याही खुणेला उत्तर दिलं नाही. पण त्या गच्चीवर डाळ निवडत आमची शिकवणी रोज ऐकत होत्या, आणि दुसऱ्या दिवशी काकांनी चुकून पुन्हा ओब्रिगादु म्हटलं तेव्हा त्या सुपातून मान न काढता "द नादा" म्हणाल्या, म्हणजे त्यात काय एवढं. त्यांचा उच्चार माझ्यापेक्षा चांगला होता.

परीक्षेच्या दिवशी काका पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालून बसले. पिंकी फोनवर आली. मी शेजारी बसून तळवा दाबल्यासारखी खूण करत होते, हळू घ्या. बों दिया ठीक गेलं. पुर फावोरही गेलं. काकांच्या कपाळावर घाम आला होता, एकेक शब्द ते काचेचं भांडं उतरवावं तसा उतरवत होते. तेवढ्यात पिंकीच्या मागचं दार उघडलं आणि विहीणबाई हातात पावाची टोपली घेऊन आत आल्या. त्यांना काही माहीत नव्हतं. काका त्यांना पाहून एकदम उठून उभे राहिले आणि मानाच्या माणसाला द्यावा तसा, पोटातून, ओब्रिगादु दिला. टोपली पडली. पाव कुठे कुठे गेले ते आम्हाला फोनवर दिसलं नाही.

काका खाली बसले. मग मागून काकू पुढे आल्या, फोन हातात घेतला आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "पिंके, मी एकटी नाई येत. लहानपणी ह्यांचा आवाज आल्याशिवाय तुले झोप लागायची नाई, अन् आता तुले तो नको झाला. ते येतील तं जसे हाय तसे येतील. नाई तं आम्ही दोघं इथंच बरे." काकूंनी लेकीला इतकं लांब बोललेलं काकांनीही कधी ऐकलं नसावं. ते बायकोकडे बघतच राहिले.

पिंकीने नाक ओढल्याचा आवाज आला. "बरं. या दोघं. पण बाबा, तिथे बोलू नका. अगदीच अडलं तर फक्त ते शब्द."

साहेबाचा हुकूम पाळावा तसं काकांनी ते मनावर घेतलं. लाडू, कुरडया, विहीणबाईंना साडी आणि पिंकीच्या ओटीचं सगळं सामान घेऊन ते निघाले, तेव्हा गल्ली निरोपाला जमली होती. संध्याकाळ असूनही सगळे बों दिया म्हणत होते. काकांनी तोंड न उघडता सगळ्यांना हात केला. खोलीची, कुंड्यांची, अंगणाची जबाबदारी त्यांनी माझ्याकडे तळवे पुढे करून दिली आणि मी छातीवर हात ठेवला. पुढचे काही महिने लोधीपुऱ्यात इतकी शांतता होती की मला उत्तरपत्रिका तपासताना झोप यायची.

ते परत आले त्या दिवशी अंगणात सतरंजी टाकून सगळा वृत्तांत झाला. काका सांगत होते, काकू मधून मधून दुरुस्त करत होत्या.

विहीणबाई दारात उभ्या होत्या. काका त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि सगळे शब्द विसरले. "बिलकुल कोरा कागद, मॅडम." शेवटी त्यांनी नुसते हात जोडले. पिंकीला दवाखान्यात दाखवायला न्यायचं होतं, ती आणि जावई निघून गेले. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका बाजूला काका बसले, दुसऱ्या बाजूला विहीणबाई. काकू पलीकडे बॅग उपसून कुरडया शाबूत आहेत का ते बघत होत्या. "एवढा गप्प मी मोठ्या साहेबासमोर भी नाई बसलो," काका म्हणाले. त्या यांना भीत होत्या, हे त्यांना भीत होते. प्रवासाने डोकं दुखत होतं. काकांनी सवयीने बोटांची वाटी केली आणि काकूंकडे बघून तोंडाशी नेली. काकूंचं लक्ष नव्हतं.

विहीणबाई उठल्या आणि त्यांनी चहाचं पाणी ठेवलं.

काकांना वाटलं, योगायोग. त्या कपात दूध ओतायला लागल्या तेव्हा त्यांनी मुद्दाम मूठ वळली. दूध थांबलं. मग त्यांना राहवेना. त्यांनी डोक्यावर टोपीसारखा हात ठेवला, साहेब येतोय. विहीणबाईंनी दाराकडे पाहिलं, मग यांच्याकडे पाहिलं, आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. त्या घरात नवरा कामावरून येताना दिसला की पिंकी सासूबाईंना हीच खूण करायची.

"मी पोरीले विचारलं," काका म्हणाले, "की हे काय हाय? तं म्हणते, बाबा, आली तेव्हा मले त्यांची भाषा येत नव्हती, अन् त्यांना इंग्लिश येत नाई. मग घरून जे आणलं होतं ते वापरलं. आता भट्टीवर भी सारे हेच करतात. पाव जळून राहिला की कागद तुटल्याची खूण." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आपल्या मिलची खूण, मॅडम. तिथं पाव भाजून राहिली."

"तिने आधी का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"मी भी तेच म्हटलं. तं म्हणते, रोजचंच होतं बाबा, त्यात काय सांगायचं."

पुढची गंमत काकूंनी सांगितली. काका रोज सकाळी दुकानात जाऊन बसायला लागले. पावाच्या कागदी पिशव्या बघून त्यांचा हात शिवशिवला. त्यांनी एकीचा कोपरा फाडला, उजेडाकडे धरला, जीभ लावली आणि मान हलवली. विहीणबाईंनी दुसऱ्या प्रकारची पिशवी आणून दिली. मग तिसऱ्या. दोघांचं यात इतकं जमलं की त्या भागातलं गिऱ्हाईक कोपरा फाडलेल्या पिशवीतून पाव नेऊ लागलं आणि कुणी तक्रार केली नाही. काकूंचं म्हणणं, काकूंनी नेसवलेल्या साडीपेक्षा विहीणबाईंनी काकांच्या हातून पास झालेल्या पिशवीचंच कौतुक जास्त केलं.

पिंकीला मुलगी झाली. काकांनी तिला मांडीवर घेतलं आणि बोलायचं नाही हे विसरून, मनापासून, तिच्या आईला विचारायचे तसं विचारलं, "काय वो, जेवण झालं का?" सगळं घर थिजलं. नात यांच्याकडे बघत राहिली आणि तशीच झोपून गेली.

"अन् ते शब्द?" मी विचारलं. एवढा पंधरवडा मी राबले होते, मला माझ्या शिकवणीचा निकाल हवा होता. "एकही उपयोगी पडला नाही?"

काका सतरंजीची कड चोळायला लागले. काकूच बोलल्या. निघायच्या दिवशी सामान गाडीत ठेवून झालं होतं. दारात विहीणबाई नातीला घेऊन उभ्या होत्या, शेजारी पिंकी. काका गाडीपर्यंत गेले आणि परत आले. पिंकीकडे बोट दाखवलं, बाळाकडे दाखवलं, आणि विहीणबाईंसमोर दोन्ही तळवे पुढे केले. ही खूण पिंकीने त्यांना कधी शिकवली होती का, कुणास ठाऊक. विहीणबाईंनी बाळ पिंकीच्या हातात दिलं. पिंकीला आणि बाळाला वरपासून खालपर्यंत एकदा नीट पाहिलं. मग उजवा पंजा छातीवर ठेवला आणि तसाच धरून ठेवला, हे गाडीत बसेपर्यंत.

काकूंनी डोळे पुसले, माझेही भरून आले होते.

"मग मी बोललो, मॅडम," काका म्हणाले. ते इतकं हळू म्हणाले की मला पुढे वाकावं लागलं. त्यांचा तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. "ओब्रिगादु बोललो. तुम्ही शिकवलं तसं. कागद हलला नसता. पण मलेच ऐकू नाई आलं. पोचलं की नाई, कोण जाणे."

"पोचलं," काकू म्हणाल्या. "मी मागं उभी होती. मले आलं ऐकू."

काकांनी मान हलवली. मग त्यांनी बोटांची वाटी केली आणि तोंडाशी नेली, आणि काकू चहा ठेवायला उठल्या.